आग आपोआप काही करत नाही

हाताने घडवलेल्या चिनी ताटवाट्यांसोबत हल्ली जाड, खरबरीत कागदाचा एक तुकडा येतो. या भांड्याचा रंग माणसानं दिलेला नाही, भट्टीतल्या आगीनं दिलाय, अशा अर्थाचं काहीतरी त्यावर हमखास लिहिलेलं असतं. नैसर्गिक ग्लेझ, अग्नीची किमया, निसर्गाची सही, असे शब्द असतात. दिल्ली, मुंबई, बंगळूर, पुणे, शहर कुठलंही असो, दुकान जरा बरं असलं की हा कागद असतोच. भांडी बहुतेक वेळा सुंदर असतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्या कागदाबद्दल आहे. त्यावरचं वाक्य खोटं आहे, आणि ते निरुपद्रवी नाही. भांडं करणाऱ्याच्या डोक्यातलं ज्ञान आणि हातातलं कसब काढून घेऊन ते आगीच्या नावावर जमा करणं, हा त्या वाक्याचा खरा उद्योग आहे. आग पैसे मागत नाही, हे त्यामागचं गणित.

मी बडोद्यात राहते आणि गेली बावीस वर्षं मातीचं काम करते. माझं चाक विजेवर चालतं, भट्टी गॅसवर. ग्लेझचं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मंअधिक चीनमधल्या कुंभारांनी शोधून ठेवलेलं आहे. मराठीत तर आपण या पदार्थालाच चिनीमाती म्हणतो. लोणच्याची बरणी खुर्ज्याची असो की थानगढची, आपल्या लेखी ती चिनीमातीचीच. इतकं ऋण असताना त्या लोकांच्या कामाला कुणी ‘आपोआप झालं’ म्हणालं, तर गप्प बसवत नाही.

आधी ग्लेझ म्हणजे काय ते सांगते. भांड्यावर चढवलेला काचेचा पातळ थर म्हणजे ग्लेझ, आपल्या जुन्या शब्दात झिलई. त्यात सिलिका लागते, ती वितळावी म्हणून राख, चुना किंवा फेल्डस्पार लागतो, आणि वितळलेला थर खाली ओघळून जाऊ नये म्हणून माती लागते. यातला प्रत्येक पदार्थ निसर्गातूनच येतो, कबूल. पण मग रेल्वेचा रूळही नैसर्गिकच म्हणायला हवा, लोखंड काही आकाशातून पडत नाही. जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सिलेनच्या गावात ग्लेझसाठी चुनखडी आणि नेचे एकावर एक थर लावून जाळत, ती राख पाण्यात धुऊन, निवळून घेत आणि मग दगडाच्या बारीक पुडीत ठरावीक मापानं मिसळत. फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल यानं १७१२ साली लिहिलेल्या पत्रात ही कृती नोंदवून ठेवली आहे. कुठली वनस्पती, किती थर, किती माप, यातलं काहीही निसर्गानं ठरवलेलं नव्हतं.

आता भट्टी. हनान प्रांतातल्या च्युन भांड्यांवर जो दुधाळ निळा रंग दिसतो, तो निळ्या रंगद्रव्याचा नाही. थंड होताना ग्लेझमध्ये दोन प्रकारच्या काचा एकमेकींपासून वेगळ्या होतात, एकीचे अतिसूक्ष्म थेंब दुसरीत अडकून राहतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. आकाश निळं दिसतं, जवळजवळ त्याच कारणानं. त्यावर जांभळे-लाल डाग उमटतात ते तांब्यामुळे, आणि ते तांबं कुणीतरी हातानं, हवं तिथं लावलेलं असतं. तांबं लाल व्हायचं असेल तर भट्टीतली हवा नेमक्या वेळी कोंडावी लागते, म्हणजे भुकेली ज्वाळा ग्लेझमधलाच ऑक्सिजन ओढून घेते. हवा जास्त मिळाली तर हिरवट रंग येतो, कोंडणं फार झालं तर तपकिरी, काळपट. फूजियान प्रांतातल्या काळ्या जिएन वाट्यांवर सशाच्या लवेसारख्या रेघा दिसतात. तिथं साधारण १३०० अंशांच्या आसपास ग्लेझमधले बुडबुडे लोह वर घेऊन येतात, फुटतात, लोह उताराबरोबर खाली ओढलं जातं आणि थंड होताना त्याचे स्फटिक बनतात. २०१४ साली वैज्ञानिकांना या वाट्यांच्या पृष्ठभागावर लोहाच्या ऑक्साइडचं एक अतिशय दुर्मीळ रूप सापडलं. प्रयोगशाळेत ते शुद्ध स्वरूपात बनवणं अजूनही कटकटीचं आहे, सोंग काळातल्या कुंभारांच्या भट्टीत ते बनत होतं.

बनत होतं, असं मी लिहिलं खरं, पण कुंभार ते बनवत होते. लोहाचं प्रमाण, थराची जाडी, वाटीच्या भिंतीचा उतार, तापमान किती वेळ धरायचं आणि भट्टी किती सावकाश निववायची, एवढ्या गोष्टी जुळल्या तर लव उमटते. त्या कुणीतरी जुळवल्या. तापमापक नव्हता. भट्टीच्या भोकातून आकडीनं बाहेर ओढता येतील असे छिद्र पाडलेले नमुन्याचे तुकडे आत ठेवत, ते काढून बघत आणि पुढचं सरपण किती घालायचं ते ठरवत. जिंगदेझेनमधले आग राखणारे उस्ताद भट्टीत थुंकून, थुंकी कशी उडते यावरून उष्णतेचा अंदाज घेत. याला निसर्ग म्हणायचं असेल तर वैद्यानं नाडी पाहणं हासुद्धा निसर्गच म्हणा.

भट्टीत रंग अनपेक्षितपणे पालटण्याला चिनी भाषेत एक शब्द आहे, याओब्येन. भट्टी-पालट म्हणू या. विक्रेत्यांचा हा अत्यंत लाडका शब्द. या शब्दाचा इतिहास पाहिला तर कागदावरचं वाक्य कुठून आलं ते कळतं.

सोंग काळातल्या एका नोंदवहीवजा ग्रंथात अशी हकिकत आहे: ११०७ ते १११० या काळात कधीतरी जिंगदेझेनच्या एका भट्टीतून भांडी शेंदरासारखी लाल होऊन निघाली. लोकांनी हा मंगळाचा कोप मानला. भट्टीवाल्यांनी ती भांडी घाईघाईनं फोडून टाकली. म्हणजे पहिल्या अंकात भट्टी-पालट हा अपशकुन होता.

सहाशे वर्षांनी चित्र उलटं झालं. १७२८ साली तांग यिंग नावाचा अधिकारी बादशाही भट्ट्यांच्या देखरेखीसाठी जिंगदेझेनला आला. त्याला कामातलं काही कळत नव्हतं, आणि त्यानं तसं स्वतःच लिहून ठेवलं आहे. भेटीगाठी बंद करून तीन वर्षं तो कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबरच राहिला. तेव्हा कुठे द्रव्यं आणि आग यांचं नातं आपल्याला थोडंफार कळू लागलं, असं त्याचं म्हणणं. जुन्या च्युन ग्लेझचं रहस्य शोधायला त्यानं आपला माणूस हनानला धाडला. पुढे भट्टी-पालट हा बादशाही मागणीतला एक रीतसर प्रकार झाला. अपघाताची ऑर्डर निघू लागली आणि ती पुरी होऊ लागली. ऑर्डर देऊन मिळतो त्याला अपघात म्हणत नाहीत, त्याला हुनर म्हणतात.

आता तिसरा अंक चालू आहे. आज जिंगदेझेनमधली बहुतेक भट्टी-पालट भांडी गॅसच्या भट्टीत, हवा आणि दाब यांचे आकडे वहीत मांडून भाजली जातात. मीही तशीच भाजते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कागदावर वही येत नाही. तिथं येतात निसर्ग आणि अग्नी.

राखेच्या ग्लेझचं तर याहून मजेशीर आहे. लाकडाच्या भट्टीत राख उडून भांड्यावर बसते, वितळते, आणि त्याचे हिरवट-तपकिरी ओघळ तयार होतात. हे आज सर्वात ‘नैसर्गिक’, म्हणून सर्वात महाग. पण चीनमधल्या कुंभारांनी शतकानुशतकं जिवाचं रान केलं ते राख भांड्यावर पडू नये म्हणून. चांगलं भांडं मातीच्या जाड डब्यात बंद करूनच भट्टीत ठेवत. हे डबे घडवणं, भाजणं, रचणं हा एक स्वतंत्र धंदा होता. जिएनच्या वाट्या सव्वाशे मीटरहून लांब अशा, डोंगरउतारावर चढत जाणाऱ्या भट्ट्यांतून निघाल्या त्यासुद्धा अशा डब्यांतूनच. राखेचे ओघळ ज्यांना आवडतात त्यांनी ते जरूर आवडून घ्यावेत, मलाही आवडतात. फक्त ही चीनची सनातन, निसर्गाला शरण गेलेली परंपरा आहे, असं सांगू नये. ही आवड बरीचशी जपानी चहागृहातली आहे. ती इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आली आणि आता चिनी मालाला चिकटवली जाते. वाटी फूजियानची, तत्त्वज्ञान क्योतोचं, आणि कागद छापलाय गुरगावात.

‘हाताने केलेली’ या शब्दांचंही तेच. हे शब्द वाचले की आपल्या डोळ्यांपुढे धुक्यातल्या डोंगरावरचा एक म्हातारा कुंभार उभा राहतो. सोंग यिंगशिंग या लेखकानं १६३७ साली चीनमधल्या उद्योगधंद्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की एक साधा प्याला पुरा व्हायला ७२ हातांखालून जातो. दगड कुटणारा, माती तुडवणारा, चाकावर चढवणारा, वाळल्यावर तासणारा, झिलई चढवणारा, डबे रचणारा, आग राखणारा. यातला कुणीही एकटा प्याला करत नव्हता. आजही जिंगदेझेनमध्ये चाकावर घडवणारा आणि तासणारा बहुधा वेगवेगळे असतात, आणि तासणाऱ्याचं काम अधिक नाजूक मानतात. वाळलेलं भांडं तासताना जी धूळ उडते ती सिलिकाची. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस हा कुंभारकामातला जुना, जगभर माहीत असलेला रोग आहे. मातीचं काम मन शांत करतं असं सांगणाऱ्या कागदावर या धुळीला जागा नसते, कारण म्हाताऱ्याच्या चित्रात ती बसत नाही.

इथं एक बौद्धिक बचाव पुढे येतो. जपानी विचारवंत यानागी सोएत्सू यांनी विसाव्या शतकात मांडलं की खरं सौंदर्य अनामिक कारागिराच्या हातून, स्वतःची जाणीव न ठेवता, सवयीनं घडतं. नावाचा सोस आला की सौंदर्य गेलं. विचार मोठा आहे, आणि लोकांच्या रोजच्या भांड्यांकडे आदरानं बघायला त्यानं शिकवलं, हे मान्य. पण जिंगदेझेनच्या भांड्याच्या बुडाखाली बघा. तिथं नाव असतं, फक्त ते करणाऱ्याचं नसतं. मिंग आणि छिंग काळात तिथं बादशहाच्या राजवटीची मुद्रा असे. १४३३ साली राजवाड्यानं एका झटक्यात ४,४३,५०० भांडी मागवली. त्यांच्यावर कारागिरांची नावं नाहीत, याचं कारण ते विरक्त होते असं मानायचं का? ज्याला संधी मिळाली त्यानं नाव घातलेलं आहे. यीशिंग गावचा शी दाबिन मिंग काळाच्या अखेरीस आपल्या चहादाण्यांवर स्वतःचं नाव कोरत होता, आणि त्या चहादाण्या त्या नावासाठी शोधल्या जात. अनामिकता हा चिनी कारागिराचा स्वभाव नव्हता. ती मालकाची सोय होती. आपल्याकडे गोरोबांचं नाव उरलं ते अभंगांमुळे. त्यांच्या आव्यातून निघालेल्या मडक्यांवर काय लिहिलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

जिंगदेझेनच्या इतिहासात एका कारागिराचं नाव मात्र ठळक उरलं आहे. कसं उरलं ते बघा. १५९९ साली पान शियांग नावाचा दरबारी खोजा वसुलीसाठी तिथं आला. बादशहाला ड्रॅगनचे चित्र असलेले प्रचंड रांजण हवे होते आणि ते भट्टीत वारंवार तडकत होते. कारागिरांना उपाशी ठेवलं गेलं, फटके मारले गेले. तेव्हा तोंग बिन नावाच्या कुंभारानं पेटत्या भट्टीत उडी घेतली. आख्यायिका म्हणते की दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर रांजण अखंड निघाले. आख्यायिकेपुढचा भाग इतिहासाचा आहे: पुढच्या काही वर्षांतच कामगार उठले आणि त्यांनी बादशाही कारखान्याला आग लावली. तोंग बिनचं देऊळ बांधलं गेलं, तो वारा आणि आगीचा देव झाला. तांग यिंगनं पुढे त्याचं चरित्र लिहिलं. मला या कथेतली एक गोष्ट सोडत नाही. आग काय करते, याचा हिशेब त्या गावानं एका माणसाच्या देहानं मांडून ठेवला आहे. आणि आपण त्याच गावच्या ताटलीवर वाचतो की आगीनं हे सहज, खेळता खेळता केलं.

मला उलट विचारलं जाईल, आणि विचारायला हवं, की कुंभार स्वतः काय म्हणतात? तेच तर आगीपुढे हात जोडतात. च्युनच्या भट्ट्यांवर म्हणतात की आत एक रंग जातो आणि बाहेर दहा हजार येतात. मीसुद्धा भट्टी पेटवण्याआधी उदबत्ती लावते. पूर्ण ताबा कुणाचाच नसतो, दोन वाट्या सारख्या निघत नाहीत, हे शंभर टक्के खरं आहे. पण बोलणारा कोण, यावर वाक्याचा अर्थ ठरतो. पीक पावसानं दिलं असं शेतकरी म्हणतो तेव्हा ती त्याची नम्रता असते. तेच वाक्य व्यापारी म्हणू लागला की समजावं, भाव पाडायचा आहे.

आणि भाव पडतोच. तांब्याच्या लाल रंगाबद्दल जिंगदेझेनमध्ये जुनी म्हण आहे की कंगाल व्हायचं असेल तर लांग-लाल भाजावं. हे लाल ग्लेझ अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लांग तिंगजी या प्रांताधिकाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. दांत्रकोलनं १७२२ च्या पत्रात भट्टी-पालट झालेल्या एका भांड्याबद्दल लिहिलं आहे: कारागिराला लाल रंग हवा होता, शंभर नग वाया गेले, आणि हा एक अकीकाच्या दगडासारखा होऊन निघाला. त्या एकाचं कौतुक आज संग्रहालयं करतात. वाया गेलेल्या शंभरांची माती, सरपण आणि दिवस कुणाच्या खात्यातून गेले? माझ्या भट्टीत चाळीस लाल वाट्या ठेवल्या तर दहाबारा हातात धरण्यासारख्या निघतात, तो आठवडा बरा म्हणायचा. ग्राहकाला सांगितलं की यामागे अठ्ठावीस फुटलेल्या वाट्या आहेत, तर तो किंमत समजून घेतो. त्याला सांगितलं की हे निसर्गानं केलं, तर तो घासाघीस करतो. निसर्गाला कशाला द्यायचे एवढे पैसे? आणि दुकानानं मात्र त्या ‘निसर्गा’चे पैसे आधीच लावलेले असतात. फरक एवढाच की ते भट्टीपर्यंत पोचत नाहीत.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा आणखी एक धोका साध्या जेवणाचा आहे. हा शब्द ऐकला की भांडं निर्धोक आहे असं आपण गृहीत धरतो. शिसं जमिनीतूनच निघतं, तेही नैसर्गिक. तांग काळातली प्रसिद्ध तिरंगी भांडी शिशाच्या ग्लेझची आहेत, आणि ती मुख्यतः मृतांसोबत पुरण्यासाठी केली जात. ताटात आमटी वाढायची की नाही, हे ग्लेझमध्ये काय आहे, ते किती तापमानाला भाजलं आणि चाचणी झाली का, यावर ठरतं. चिंच, ताक, लोणचं खाणाऱ्यांनी तर हे विचारायलाच हवं, कारण आंबट पदार्थ कच्च्या ग्लेझमधलं शिसं आणि तांबं ओढून घेतो. त्या काव्यमय कागदावर या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं.

शेवटी आपल्याकडे येते, म्हणजे अशा नियतकालिकांत लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांकडे. तो कागद कुणीतरी लिहिलेला असतो, आणि लिहिणारा बहुधा आपल्यातलाच असतो. आपल्याला ही भाषा आवडते, कारण आपण स्वतःबद्दलही तीच वापरतो. कविता सुचली, कथा आपसूक उतरली, पात्रांनीच मला ओढत नेलं. खोडलेली पानं आपण दाखवत नाही. पण निदान पुस्तकावर आपलं नाव छापतो आणि मानधन उशिरा आलं तर संपादकाला पत्र लिहितो. कुंभाराला ही दुसरी सोय नाही. स्वतःसाठी वापरलेलं रूपक दुसऱ्याच्या कष्टावर चढवताना त्याची किंमत कोण भरतं, एवढं तरी लेखकानं बघावं.

माझी मागणी लहान आहे. ही भांडी घ्या, त्यांत जेवा, कपाटात कोंडून ठेवू नका. घेताना विचारा: कुठल्या गावची, कुठल्या भट्टीची, कुणी घडवली, कुणी तासली, कुणी भाजली, किती फुटली. दुकानदाराला ठाऊक नसेल तर त्याला शोधून काढायला सांगा. भांड्याची किंमत त्याला रुपयापर्यंत ठाऊक असते, तेव्हा हेही कळवून घेता येईल. कागद छापायचाच असेल तर त्यावर आगीची स्तुती नको. आग राखणाऱ्याचं नाव छापा.